आठवीनंतर ताट कोणी उचलले?

आपल्या देशात मुलाला भूक लागते ही गोष्ट कायद्याने चौदाव्या वर्षापर्यंत मान्य केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शासकीय शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत, ते जेवण हक्काचे ठरविले. नववीच्या पहिल्या दिवशी ताट उचलले जाते. त्यानंतर शासनाला त्या मुलाची आठवण फीच्या निमित्ताने येते, गुणांच्या निमित्ताने येते, निवडणुकीच्या निमित्ताने तर हमखास येते. पण जेवणाच्या निमित्ताने सहसा येत नाही. पांढुर्णा किंवा सौंसर येथील महाविद्यालयात सकाळी सहाला गावाहून निघून पोहोचणारा मुलगा दुपारी दोनपर्यंत काय खातो, हा प्रश्न कोणत्याही विभागाच्या कक्षेत येत नाही. उच्च शिक्षण विभाग म्हणेल, तो खाद्य विभागाचा विषय. खाद्य विभाग म्हणेल, त्याचे पाच किलो त्याच्या घरच्या कार्डावर दिले आहेत. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर आहेत आणि मुलगा उपाशी आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. विद्यार्थ्याचे जेवण हा त्याच्या शिक्षणाचाच खर्च आहे आणि तो उचलणे ही शासनाची जबाबदारी आहे. ते उपकार नव्हेत. हे म्हणणे नवे नाही. तरीही ते आपल्याच वर्तुळात, या पत्रिकेच्या वाचकांपुढे, पुन्हा मांडावे लागते. कारण त्याला सर्वांत मोठा विरोध शासनाकडून होत नसून तो आपल्या ओसरीवरून होतो. ‘आम्ही वारावर जेवून शिकलो, माधुकरी मागून शिकलो, आजच्या पोरांना सगळे आयते हवे’ हे वाक्य आपल्यातील कोणत्या घरात ऐकू येत नाही? भोसल्यांच्या अमदानीपासून सातपुड्याच्या पायथ्याशी नांदत आलेली ही घरे. १८५३ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १९५६ साली राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण छिंदवाड्यासह मध्य प्रदेशात राहिलो. तरी घरातली मराठी आणि घरातल्या आठवणी आपण जपल्या. त्या आठवणींतील ही एक मात्र नीट तपासून पाहिली पाहिजे.

वार लावून जेवणे म्हणजे काय होते? सात घरे, आठवड्याचे सात दिवस, आणि प्रत्येक घराने एका दिवसाचा भार उचलणे. आजच्या भाषेत बोलायचे तर ते सार्वजनिक अन्नसाहाय्यच होते. फक्त ते सरकारने न करता समाजाने केले होते. म्हणजे आपले आजोबा स्वतःच्या बळावर शिकले नाहीत, ते दुसऱ्यांच्या अन्नावर शिकले, आणि त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. लाजण्यासारखे असलेच तर ते निराळे आहे. तो दरवाजा सर्वांना उघडा नव्हता. वाराचे घर जात पाहून मिळत असे. ज्या विद्यार्थ्याला कोणतीही ओसरी जेवायला बसवत नव्हती त्याच्यासाठी माधुकरी नव्हती, वारही नव्हता आणि म्हणून शाळाही नव्हती. तेव्हा ‘आम्हाला कोणी काही दिले नाही’ हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. आपल्याला दिले होते. ते इतरांना दिले नव्हते, इतकेच.

हा भेद ज्यांनी ओळखला त्यांनी आपले काम शाळेच्या इमारतीवर थांबवले नाही, खानावळीपर्यंत नेले. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली. खेड्यातील मुलाला राहायला व जेवायला मिळाल्याखेरीज शहरातील शाळा त्याच्यासाठी असून नसल्यासारखी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह काढले तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत, आणि त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने मंगळसूत्रासकट गेले. पुण्यातील अनाथ विद्यार्थी गृह १९०९ चे, विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ ची. आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी आयुष्यभर भुकेल्याचे अन्न आणि गरिबाच्या मुलाचे शिक्षण ही दोन कामे एकाच श्वासात सांगितली. या सर्वांना एक साधी गोष्ट कळली होती, ती अशी की फी माफ करून मुलगा शाळेत येतो, पण जेवण दिल्यानेच तो टिकतो.

आता शासनाच्या हिशेबाकडे वळू. फायलींत आयुष्य गेलेल्या माणसाला भाषणापेक्षा आकडा अधिक विश्वासाचा वाटतो, म्हणून आकडेच पाहावेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासूनची आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिचा आग्रह धरला होता. निर्वाह भत्ता हा तिचा गाभा. २०१० साली साध्या पदवीच्या वर्गाला घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा भत्ता दरमहा ३०० रुपये ठरला. दहा महिन्यांचे तीन हजार झाले. २०२१ मध्ये योजनेची नवी नियमावली आली, भत्त्याचे नाव बदलून ‘शैक्षणिक भत्ता’ झाले आणि त्याच विद्यार्थ्यासाठी वर्षाला ठरले ३,००० रुपये! मधल्या अकरा वर्षांत डाळ, तेल, गॅस, बसभाडे यांचे काय झाले ते गृहिणींना विचारावे. वर्षाचे तीन हजार म्हणजे महिन्याचे अडीचशे, दिवसाचे आठ रुपये आणि काही पैसे. वसतिगृहात राहणाऱ्याला सहा हजार, म्हणजे दिवसाला सोळा रुपये. यातच त्याने वही घ्यावी, पुस्तक घ्यावे आणि उरलेच तर जेवावे. ‘निर्वाह’ हा शब्द नियमावलीतून गेला हे एका अर्थी बरेच झाले. त्या रकमेत निर्वाह होतो असे भासवण्याची निदान गरज उरली नाही.

मध्य प्रदेश शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनुसूचित जाती-जमातींच्या ज्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी आवास सहायता योजना आहे. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, उज्जैन या पाच शहरांत दरमहा २,०००, इतर जिल्हा मुख्यालयी १,२५० आणि तहसील अथवा विकासखंड मुख्यालयी १,००० रुपये असे तिचे दर ठरले. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा जिल्हा झाला. तेव्हा त्या दरपत्रकाप्रमाणे पांढुर्ण्यातील खोलीचे भाडे सौंसरच्या खोलीपेक्षा अडीचशे रुपयांनी अधिक धरायचे! दर काहीही असो, हे साहाय्य छपराचे आहे, ताटाचे नाही. गावातील हुशार मुलींसाठी २००५ पासून ‘गाव की बेटी’ योजना आहे; दरमहा ५०० रुपये, दहा महिने. पण तिला बारावीत साठ टक्क्यांची अट आहे. २०१७ ची मेधावी विद्यार्थी योजना राज्य मंडळाच्या सत्तर टक्के गुणांवर उघडते, आणि तीही फीची. म्हणजे ज्या मुलीने संत्र्याच्या बागेत तोड्याला जाऊन, धाकट्या भावंडांना सांभाळून अठ्ठावन्न टक्के मिळवले, तिची भूक शासनाच्या लेखी गुणवत्तेत बसत नाही. भुकेला गुणपत्रिका लावण्याची ही पद्धत कोणी काढली असेल ती असो. परंतु आठवीपर्यंतच्या मुलाला आपण जेवण देताना त्याचा पहिला नंबर आला आहे का असे विचारत नाही, मग महाविद्यालयात का विचारावे?

याच राज्यात २०२३ साली लाडली बहना योजना सुरू झाली. प्रथम दरमहा १,००० रुपये, त्याच वर्षी १,२५०, पुढे आणखी वाढ. या योजनेला माझा विरोध नाही; घरातील बाईच्या हाती पैसा आला की तो मुलांच्या पोटात जातो हे आपण सर्व जाणतो. पण तिची अट पाहा. स्त्री विवाहित असली पाहिजे. विधवा, घटस्फोटिता व परित्यक्ता यांचाही तीत समावेश आहे. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी एकवीस वर्षांची अविवाहित मुलगी अपात्र. तिनेच शिक्षण सोडून लग्न केले की पात्र! २००६ पासून कन्या विवाह योजना आहेच. लग्नाला मदत, लग्नानंतर मदत, आणि लग्न लांबवून शिकणाऱ्या मुलीला गुणांची अट. हेतू वाईट नसेल, परंतु तीन योजना एका ओळीत ठेवल्या की त्यांतून जो संदेश निघतो तो मुलींना बरोबर समजतो.

हे असेच असावे लागते असेही नाही. तमिळनाडूत गरीब मुलींच्या विवाहासाठी मूवलूर रामामिर्तम् यांच्या नावाची साहाय्य योजना होती. २०२२ मध्ये त्या राज्याने तीच योजना पालटून उच्च शिक्षणासाठी केली. शासकीय शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलीला पदवी किंवा पदविका पूर्ण होईपर्यंत दरमहा १,००० रुपये. टक्केवारीची अट नाही. २०२४ मध्ये तेच साहाय्य मुलांनाही लागू झाले. लग्नाचा पैसा शिक्षणाकडे वळवता येतो, हे तेथे प्रत्यक्ष करून दाखवले गेले आहे.

आता आपल्या सीमाभागाचे खास दुखणे. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, सौंसरहून त्याहूनही जवळ. भोपाळ पांढुर्ण्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वे, बाजार, दवाखाना, सोयरीक, सारे नागपूरकडे. जो विषय येथील महाविद्यालयात नाही तो शिकायला आपली मुले घाट चढून जाण्यापेक्षा नागपूरला उतरतात, हे स्वाभाविक आहे. आता अशी कल्पना करा की नागपुरातील एका भाड्याच्या खोलीत दोन मुले राहतात. दोघेही अनुसूचित जातीचे, दोघांचे वडील शेतमजूर, दोघांची घरची भाषा मराठी. एक नरखेड तालुक्याचा, दुसरा पांढुर्णा तहसीलचा. दोघांच्या गावांमध्ये राज्याची एक सीमा. नरखेडचा मुलगा अटी पूर्ण करीत असेल तर त्याला महाराष्ट्राची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासूनच्या या योजनेत नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले आणि त्यांतील ३२,००० स्पष्टपणे भोजन भत्त्याचे आहेत. पांढुर्ण्याचा मुलगा महाराष्ट्राचा रहिवासी नाही, म्हणून तेथे अपात्र. मध्य प्रदेशची आवास सहायता राज्यातील महाविद्यालयांत शिकणाऱ्यांसाठी, म्हणून येथेही अपात्र. त्याच्या हाती राहते ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ती मूळ राज्याने द्यायची असते, आणि खोलीत राहणारा बहुधा ‘घरून ये-जा करणारा’ धरला जातो. म्हणजे वर्षाला तेच तीन हजार. एका खोलीत, एका चटईवर झोपणारी दोन मुले, आणि त्यांच्या ताटांत एवढे अंतर. भाषावार प्रांतरचनेचा हा हिशेब १९५६ साली कोणी मांडला नसेल. पण आज तो मांडणे आपले काम आहे, कारण दुसरे कोणी मांडणार नाही.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. ‘एक देश, एक राशनकार्ड’ झाले आहे ना! मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये १ जानेवारी २०२० पासून त्यात आहेत. मुलाने नागपूरच्या कंट्रोलच्या दुकानात अंगठा लावावा आणि आपले पाच किलो उचलावे. नियमाने हे बरोबर आहे, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफतही आहे. ही सोय मुलांना माहीत करून दिली पाहिजे. परंतु पाच किलो गहू-तांदूळ म्हणजे जेवण नव्हे. चूल नाही, भांडी नाहीत, घरमालक खोलीत शेगडी पेटवू देत नाही, गहू दळायला वेळ नाही आणि डाळ-तेल-भाजी तर त्या पाच किलोंत नाहीच. शिवाय तो वाटा त्याने तेथे उचलला की गावाकडच्या घराचा तेवढा कमी होतो. गरीब घरात तो वाटा कोणासाठी सोडला जातो हे सांगायला नको.

दुसरे ठरलेले उत्तर म्हणजे ‘जो महाविद्यालयात शिकतो तो गरीब कसला?’ हा समज केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी जे शासकीय साहाय्य मिळते त्यातून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सर्वसाधारणपणे वगळणारा नियम गेल्या शतकातील आठव्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० साली कडक झाला. विद्यार्थी म्हणजे सुखवस्तू घरचा तरुण, अशी त्यामागची समजूत. आठवड्याला वीस तास नोकरी केली किंवा तत्सम एखादी सवलत लागू पडली तरच दार उघडते. पुढे त्या देशाच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तपासले तेव्हा आढळले की पात्र असू शकतील अशा सुमारे वीस लाख गरजू विद्यार्थ्यांनी २०१६ साली ते साहाय्य मिळाल्याचे नोंदवलेले नाही. एवढ्या श्रीमंत देशात ही गत. याउलट फ्रान्समध्ये २०२० पासून शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना विद्यापीठीय भोजनगृहात एका युरोत पूर्ण जेवण मिळू लागले. दोन्ही देश सधन. फरक पैशाचा नाही. विद्यार्थी कोण, या प्रश्नाच्या उत्तराचा आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. रोख द्यावे की अन्न द्यावे? २०१८ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाने शहरांतील वसतिगृहांच्या खानावळी बंद करून मुलांच्या बँकखात्यात पैसे टाकण्याचे ठरविले. त्याविरुद्ध जुलै महिन्यात आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे नकोत, ताट द्या, अशी त्यांची मागणी. कारण उघड होते. पैसे वेळेवर येत नाहीत. आले तर घरच्या अडचणीला जातात. आणि बाहेरची खानावळ त्या रकमेत बसत नाही. उलट स्वाधारसारख्या योजनेत, जेथे मुले शहरभर विखुरलेली आहेत, तेथे रोख रकमेला पर्याय नाही. म्हणून तत्त्व असे असावे: मुले जेथे एकत्र आहेत तेथे ताट, जेथे विखुरलेली आहेत तेथे पैसा, आणि पैसा असेल तर महिन्याच्या आरंभी, वर्षाच्या शेवटी नव्हे. शिष्यवृत्तीच्या फायली पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे की परीक्षा संपल्यावर जमा होणारा भत्ता हा भत्ता नसतो, ती भरपाई असते. सावकाराचे व्याज दिल्यावर तिच्यात उरते किती?

आणि शेवटचा आक्षेप, ‘फुकटाची सवय’. २०१७ मध्ये याच राज्यात दीनदयाल रसोई सुरू झाली, पाच रुपयांत थाळी. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रात दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. या केंद्रांमुळे मजूर आळशी झाला, असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होणार नाही. तो जेवून कामावर जातो. मग विद्यार्थी जेवून वर्गात गेला तर तो कसा बिघडेल? सवय लागायचीच असेल तर ती उपाशीपोटी तास चुकवण्याची लागते, परीक्षेच्या तोंडावर मजुरीला जाण्याची लागते, आणि अखेर नाव काढून घेण्याची. शासन त्याच्या फीवर, इमारतीवर, प्राध्यापकांच्या पगारावर जो खर्च करते तो सारा या एका न दिलेल्या ताटामुळे वाया जातो. हिशेबाच्या दृष्टीनेही यापेक्षा महाग काटकसर दुसरी नाही.

तेव्हा मागायचे काय, ते नेमके मागितले पाहिजे. मोघम निवेदनाला कार्यालयात मोघमच उत्तर मिळते.

पहिली मागणी अशी की पांढुर्णा आणि सौंसर येथील शासकीय महाविद्यालयांत दुपारी एक शिजवलेले जेवण सुरू करावे. दीनदयाल रसोईचा नमुना राज्याकडे तयार आहे. त्याचे एक केंद्र महाविद्यालयाच्या आवारात उघडायला नवा कायदा लागत नाही. त्या ताटाला जात, गुण, उत्पन्न यांची कोणतीही अट नसावी. अट लावली की गरजू मुलगा लाजून रांगेत येत नाही. दुसरी, निर्वाह भत्ता दरमहा द्यावा आणि दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवावा. आम्हा निवृत्तांचे निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढते, ते आम्ही हक्काने घेतो. मग विद्यार्थ्याचा भत्ता अकरा वर्षे एकाच आकड्यावर का गोठावा? तिसरी, विलंबाचा जाब कोणीतरी द्यावा. देशातील पहिला लोकसेवा हमी कायदा मध्य प्रदेशाने २०१० मध्ये केला. दाखला मुदतीत दिला नाही तर अधिकाऱ्याला दंड होतो. दाखल्याला लागू असलेला तो न्याय त्या दाखल्यावर मिळणाऱ्या भत्त्यालाही लागू असावा. चौथी, सीमेवरील जिल्ह्यांसाठी दोन्ही राज्यांनी करार करावा. पांढुर्णा, छिंदवाडा, बैतूल येथील विद्यार्थी नागपूर-अमरावतीत शिकत असेल तर त्याच्या राज्याने त्याचा आवास व भोजन भत्ता तेथे द्यावा, आणि तिकडचा विद्यार्थी इकडे आला तर तसेच. पाचवी, गावच्या मुलींना मिळणाऱ्या साहाय्यातील गुणांची अट काढावी.

हे सर्व शासनाकडे मागायचे. पण आपल्याकडे मागण्यासारखेही काही आहे. ज्या घरांनी एकेकाळी वार लावले त्यांची मुले आज पुण्या-नागपुरात, काहींची परदेशात आहेत. त्यांना या प्रश्नाची झळ लागत नाही, आणि म्हणूनच त्याच्याविषयी सहज बोलता येते. त्या घरांतील माणसे निवेदन लिहू शकतात, कलेक्टरांना भेटू शकतात, नियम वाचून समजावू शकतात. समग्र आयडीतील नावाची एक चूक, बँकखात्याशी न जुळलेला आधार क्रमांक, एवढ्यावर वर्षाचा भत्ता अडतो. तो सोडवायला मुलाचे चार दिवस आणि मजुरी जाते, तुमच्या-माझ्यासारख्याची एक सकाळ जाईल. जून-जुलैमध्ये प्रवेशाच्या दिवसांत आपल्यातील दहा निवृत्त माणसे दोन्ही महाविद्यालयांच्या दारात टेबल टाकून बसली, तर किती अर्ज वाचतील!

मात्र हे काम म्हणजे दान नव्हे, याची जाणीव ठेवूनच बसावे. आपल्या पूर्वजांच्या ओसरीवर जो विद्यार्थी जेवला त्याने आयुष्यभर त्या घराचे नाव घेतले. ते त्याच्या संस्काराला शोभले. पण नागरिकाने शासनाकडे जेवताना कोणाचेही नाव घेण्याची गरज नाही. वाराच्या काळापेक्षा आपण पुढे आलो असू तर ते एवढ्याच अर्थाने. तेव्हा ताट कोणाला मिळणार हे घर ठरवीत असे, आता ते कायद्याने ठरवावे. आठवीपर्यंत कायद्याने ते ठरवले आहे. पुढच्या वर्गांचे अजून ठरवायचे आहे, आणि ते ठरेपर्यंत ‘आम्ही कसे शिकलो’ ही गोष्ट आपण आपल्या नातवंडांना थोडी कमी आणि थोडी खरी सांगावी.